भेट नको, राबता हवा

माधवी, काल फोनवर तू इतक्या उत्साहात होतीस की मध्ये तोंड घालावंसं वाटलं नाही. म्हणून आता निवांत लिहितेय. बालवाडीतल्या मुलांना घेऊन गावातल्या वृद्धाश्रमात जायचं, हा विचार मला मनापासून आवडला. फक्त एक ऑक्टोबरला, ज्येष्ठ नागरिक दिनाला, तिथे पाऊल टाकू नकोस. त्या दिवशी काय चालतं ते मला विचार. आमच्या वृद्धाश्रमाच्या ऑफिसात बसून मी दरवर्षी तेच बघते. सकाळी नऊपासून आजी-आजोबांना ठेवणीतले कपडे घालून हॉलमध्ये आणून बसवतात. दहाला एक शाळा, अकराला दुसरी, बाराच्या ठोक्याला कुठल्या तरी क्लबची मंडळी. मुलं नाचतात, पाहुण्यांचं भाषण होतं, प्रत्येकाच्या हातात दोन केळी आणि बिस्किटांचा पुडा पडतो, फोटो निघतात. कुणाला बाथरूमला जायचं असतं, पण भाषण संपल्याशिवाय उठायचं कसं म्हणून ते बिचारे मांडी आवळून बसतात. दुपारी सगळ्यांची पाठ धरते. आणि मग पुढच्या ऑक्टोबरपर्यंत त्यांतलं कुण्णी फिरकत नाही.

मुलांच्या बाजूनेही बघ. चार वर्षांच्या पोराला एकदाच तिथे नेलंस तर त्याला दिसणार काय? काठ्या, कवळ्या, व्हीलचेअर आणि फिनेलचा वास. ते तुझ्या मागे लपेल आणि घरी जाऊन म्हणेल, मला नाही परत जायचं. तेच पोर दुसऱ्या-तिसऱ्या वेळी आलं की ‘त्या लाल स्वेटरवाल्या आजी कुठायत?’ म्हणून विचारतं. भीती जाते ती सवयीने. म्हणून माझं म्हणणं एकच आहे: तुझी मुलं तिथे पाहुणी म्हणून जायला नकोत. त्यांचा तिथे राबता हवा.

तू म्हणशील, ताई, हे कुठे कुणी केलंय का? केलंय, चांगलं पन्नास वर्षांपूर्वीपासून. टोकियोच्या एदोगावा भागात कोतोएन नावाची संस्था आहे. तिथे १९७६ पासून वृद्धाश्रम आणि बालवाडी एकत्र चालते. सकाळच्या कवायतीला मुलं आणि म्हातारी माणसं एकाच अंगणात. अमेरिकेत सिएटल शहरात प्रॉव्हिडन्स माउंट सेंट व्हिन्सेंट या मोठ्या वृद्धाश्रमाच्या आतच १९९१ मध्ये पाळणाघर सुरू झालं. लंडनच्या नाइटिंगेल हाउस या वृद्धाश्रमाच्या आवारात २०१७ मध्ये बालवाडी उघडली. त्याच वर्षी ब्रिटनच्या चॅनल फोरने ब्रिस्टलमधल्या एका वृद्धाश्रमात चार वर्षांची दहा मुलं सहा आठवडे रोज नेऊन एक कार्यक्रम केला. सुरुवातीला आणि शेवटी आजी-आजोबांची मनःस्थिती, चालणं, हाताची पकड हे सगळं तपासलं. बऱ्याच जणांत फरक पडला. मला तो कार्यक्रम आवडला, पण त्याचा पुरावा म्हणून गाजावाजा करू नकोस. मूठभर माणसं, दीड महिना आणि समोर कॅमेरा! कॅमेरा दिसला की आपल्याकडचे आजोबाही ताठ बसतात.

मला त्यातून घेण्यासारखं वाटतं ते निराळंच. सिएटलला मुलं आणि आजी-आजोबा मिळून काय करतात माहितीये? बेघर लोकांसाठी सँडविच बनवतात. म्हणजे दोघंही कुणा तिसऱ्याच्या उपयोगी पडतात. मुलं करमणूक करायला आलेली नसतात आणि म्हातारी माणसं टाळ्या वाजवायला बसवलेली नसतात. हे लक्षात ठेव, कारण तुझं सगळं गणित इथेच जमणार किंवा फसणार आहे. वृद्धाश्रमात जेवण मिळतं, औषधं मिळतात, टीव्ही असतो. ‘तुमच्यावाचून अडलंय’ असं मात्र त्यांना कुणी म्हणत नाही. तुझ्या मुलांनी ते म्हणायचं, आणि खोटं खोटं नाही, खरंच अडायला हवं.

म्हणून जाताना काम घेऊन जा. मटार सोलायला घे. श्रावणात वाती वळायला घे. झेंडूची फुलं आणि सुईदोरा घे. सुई आजींच्या हातात, फुलं पुरवायचं काम मुलांच्या. मेथी निवडणं तर फारच छान, पानं खुडायला तीन वर्षांच्या बोटांनाही जमतं आणि संधिवाताच्या बोटांनाही. निवडलेली मेथी तिथल्या स्वयंपाकघरात गेली आणि दुपारी पानात वाढली गेली, की बघ आजींचा तोरा! मात्र तीन वर्षांखालचं पोर असेल तर मटार, शेंगदाणे, मणी, चिंचोके जवळ आणू नकोस. मुलांना नाकाची दोन भोकं ही मटार ठेवायची जागा वाटते, हे तुला मी सांगायला नको.

आजींचं एक बरं असतं, त्यांच्या हाताला काम सुचतं. आजोबांचं अवघड. ते हाताची घडी घालून म्हणतात, ‘मला लहान मुलांतलं काही कळत नाही.’ खरंच असतं ते. आयुष्यभर सकाळी डबा घेऊन बाहेर पडले, मुलं कधी मोठी झाली ते यांना शाळेच्या निकालावरूनच समजलं. अशांना ‘मुलांशी खेळा’ म्हणू नकोस, घाबरतात. त्यांचा जुना धंदा विचार. आमच्याकडे एसटीत कंडक्टरकी केलेले एक आजोबा होते, कुणाशी अक्षर बोलत नसत. एकदा मुलांनी खुर्च्या एकामागे एक लावून गाडी-गाडी मांडली होती. ते कोपऱ्यातून बघत होते. मध्येच उठले आणि एका पोराला म्हणाले, ‘ए, डबल बेल दिल्याशिवाय गाडी हलवायची नसते.’ झालं. पुढे दर आठवड्याला गाडी सुटायची. जुन्या वर्तमानपत्राची तिकिटं, मागच्या सीटवरच्यांना ‘पुढे सरका’, सुट्ट्या पैशांवरून भांडणं. मुलांना आकडे शिकवायला तुझ्याकडे याहून बरं काय आहे? शिंपीकाम केलेला असेल, सुतार असेल, पोस्टातला असेल, शेतकरी तर असेलच. एक वाफा मागून घे त्याच्यासाठी. पालक तीन-चार आठवड्यांत खुडायला येतो, तेवढा धीर मुलांना धरवतो.

आता वेळेचं. सकाळी दहा ते अकरा हीच वेळ ठरव. आंघोळी, नाश्ता, सकाळच्या गोळ्या उरकलेल्या असतात, जेवायला अवकाश असतो आणि मुलंही ताजी असतात. संध्याकाळ नको, मॅनेजरने कितीही आग्रह केला तरी नको. विस्मरणाचा आजार असलेली माणसं बऱ्याचदा दिवस कलला की अस्वस्थ होतात, घरी जायचंय म्हणून दाराशी जातात. त्यात मुलांचा कलकलाट म्हणजे दोघांनाही त्रास. वार एकच धर. मंगळवार म्हटलं की मंगळवार. आणि सगळा वर्ग नेऊ नकोस, पाच-सहा मुलं पुष्कळ झाली. तीच मुलं, तीच आजी-आजोबांची टोळी, निदान दोन-तीन महिने तरी. दर वेळी निराळी मुलं नेलीस तर सगळ्यांना संधी मिळाल्याचं समाधान तुला मिळेल, ओळख मात्र कुणाचीच व्हायची नाही. पालक कुरकुरतील, ‘आमच्या आर्यनला का नाही नेलं?’ त्यांना सांग, पुढच्या सत्रात.

जागेकडे नीट बघ गं. आपल्याला वाटतं, सतरंजी घातली की झालं. पण सत्तरीपुढचा माणूस खाली बसला तर उठणार कसा? त्यांना खुर्चीच हवी आणि ती हाताची हवी. हातावर जोर देऊनच ते उठतात. बिनहाताच्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या दिसल्या तर आधीच बोल. मग मुलं खाली आणि आजी वर असं झालं तर कामच होत नाही. टेबलाभोवती मुलांना उभं कर, पायाखाली पाट दे. पंखा कमी कर, टीव्ही बंद कर, नुसता आवाज कमी करून चालत नाही. कारण उतारवयात ऐकू कमी येतं ते आधी बारीक, उंच पट्टीतलं. म्हणजे नेमका लहान मुलांचाच आवाज! आजी हसून मान डोलावतात तेव्हा त्यांना कळलेलं असतंच असं नाही. मुलांना शिकव, आजींच्या समोर जाऊन, तोंडाकडे तोंड करून, हळू आणि एकेकाने बोलायचं. ओरडायचं नाही. ओरडलं की कानातल्या यंत्रात आवाज फाटतो आणि आजी ते काढून खिशात टाकतात, मग संपलंच. कोणाचा कुठला कान बरा आहे ते तिथल्या मावशींना विचार. मावशींना सगळं माहीत असतं. ट्रस्टींना काही माहीत नसतं.

आजारपणाबद्दल तू काहीच विचारलं नाहीस, म्हणून मीच सांगते. नाक वाहणारं, खोकणारं, ताप उतरून एक दिवसही न झालेलं मूल त्या मंगळवारी घरी. यात दयामाया नाही. मुलाची साधी सर्दी आजोबांच्या छातीत उतरली की न्युमोनियापर्यंत जाऊ शकते. तिथल्या लोकांना फ्लूची लस दरवर्षी मिळते का, हे विचारायला लाजू नकोस. उलट बाजूनेही काळजी घ्यायची. कुणाला नागीण उठली असेल तर तिच्या फोडांतल्या पाण्यातून, कांजिण्या न झालेल्या आणि लस न घेतलेल्या मुलाला कांजिण्या होऊ शकतात. आणि कुणाचा खोकला दोन आठवड्यांवर लांबला असेल तर डॉक्टरांनी बघेपर्यंत त्यांनी मुलांत येऊ नये.

खाऊचा मामला सगळ्यात नाजूक. आजींच्या कनवटीला लिमलेटची गोळी असतेच. प्रेमाने देतात, नाही म्हणवत नाही. पण अशी टणक गोळी चार वर्षांच्या मुलाच्या घशात अडकते. शिवाय एकदा का ‘आजींच्या खिशात गोळ्या असतात’ हे मुलाच्या डोक्यात बसलं की ते त्यांच्या उशाशीही शोधतं. तिथे असतात रक्तदाबाच्या आणि मधुमेहाच्या. मधुमेहाच्या काही गोळ्या अशा आहेत की एखादी पोटात गेली तरी लहान मुलाची साखर धोकादायक खाली येते. म्हणून नियम कर: खाऊ तुझ्या हाती द्यायचा आणि तू वाटायचा. राजगिऱ्याचा मऊ लाडू चालेल. साखरेचा त्रास असलेल्या आजींसाठी केळ्याचे चार काप. आणि मुलं ज्या खोलीत असतील तिथे औषधांची पेटी नको, पर्सही नको.

आणखी एक गोष्ट, जी बोलायला आपल्या बायकांना जड जातं. एकही मूल कुठल्याही मोठ्या माणसाबरोबर बंद दाराआड एकटं असता कामा नये. मग ते आजोबा असोत, मामा असोत की ट्रस्टी. सगळ्यांसाठी एकच नियम केलास की कुणावर संशय घेतल्यासारखं होत नाही. तुझ्याखेरीज एक मदतनीस कायम डोळ्यांसमोर. पालकांना हे आधीच सांग, ते विचारायची वाट बघू नकोस. मुलाला गालगुच्चा, पापा नको असेल तर ‘नको’ म्हणायची मोकळीक आहे, हे मुलालाही सांग आणि आजींनाही. ‘आजींना पापी दे बघू’ हे तुझ्या तोंडून कधी यायला नको.

तशीच मोकळीक म्हाताऱ्या माणसांना. सगळ्यांना मुलं आवडतात हा आपला गोड गैरसमज आहे. कुणी पाच मुलं एकटीने वाढवलेली असतात, ती म्हणते, ‘पुरे झालं बाई.’ कुणाला स्वतःची नातवंडं आठवून रडू येतं. कुणाला नुसती शांतता हवी असते. त्यांना ओढून हॉलमध्ये आणायचं नाही. ‘आज नको’ म्हटलं की आज नको, आणि त्यावर ‘अहो, मुलं किती लांबून आलीयत’ हे नाही. जे आपणहून येतील त्यांच्याबरोबरच तुझं काम. तिघं आली तरी चालतील.

विस्मरण झालेल्या आजींबद्दल मुलांना काय सांगायचं, असं विचारत होतीस ना? सरळ सांग. ‘या आजींच्या लक्षात नावं राहत नाहीत, तो एक आजार आहे, तुम्हाला तो होत नाही.’ मुलं लगेच मान्य करतात. आमच्याकडच्या एक आजी प्रत्येक मुलाला ‘बाळ्या’ म्हणतात, मुलीलासुद्धा. मुलं ‘ओ’ देतात. त्रास होतो तो मोठ्यांना, ‘आजी, मी बाळ्या नाही, मी कोण ओळखा पाहू!’ अशी परीक्षा घेतात. ती परीक्षा तू घेऊ नकोस आणि कुणाला घेऊ देऊ नकोस. ओळखलं नाही की माणूस ओशाळतो.

आणि मंगळवारी एखादी खुर्ची रिकामी असेल, हे धरूनच चाल. त्यांचं वय तसं आहे. त्या दिवशी ‘आजी झोपल्यात’ म्हणू नकोस. मुलं रात्री झोपायला घाबरतात. ‘देवाच्या गावाला गेल्यात’ही नको, मुलं ‘परत कधी येणार?’ म्हणून विचारत राहतील, आणि चार वर्षांच्या मुलाला गाव म्हणजे जिथून माणूस परत येतो ती जागा. ‘आजी वारल्या. त्यांचं शरीर खूप दमलं होतं, ते चालेनासं झालं. आता त्या येणार नाहीत, आपल्याला त्यांची आठवण येईल.’ एवढं पुरतं. पालकांना त्याच दिवशी कळव, नाहीतर रात्री जेवताना पोर ताटावर एकदम जाहीर करतं आणि तुला साडेनऊला फोन येतात. एखादी आई म्हणेलच, ‘एवढ्याशा जीवाला हे कशाला?’ तिला रागावू नकोस. तिचं म्हणणं ऐक आणि तिच्या मुलाला हवं तर थांबव. तो हक्क तिचा आहे.

‘घरात आजी-आजोबा असताना हे बाहेरचं कशाला?’ असंही कुणीतरी विचारेल. किती घरांत आहेत, ते तू तुझ्या पटावरून मोज. कुणाचं आजोळ कोल्हापूरला, कुणाचं लातूरला. कुणाचे आजी-आजोबा सहा महिने अमेरिकेत नातवाला सांभाळून आले आणि आता उरलेलं वर्ष व्हिडिओ कॉलवर हात हलवतात. जे घरात आहेत त्यांच्याबद्दलही मला स्पष्ट बोलायचंय. आई-वडिलांना गावाकडून शहरात आणायचं, सकाळी नऊ ते संध्याकाळी सात नातवाला त्यांच्या अंगावर टाकायचं, वर ‘मोबाईल देऊ नका, वरणभात भरवा, होमवर्क घ्या’ अशी यादी फ्रिजवर लावायची आणि त्याला संस्कार म्हणायचं! ते फुकटचं पाळणाघर आहे. अशा आजींना तास-दोन तास सुट्टी मिळायला हवी, आणखी मुलं नव्हे. त्यांना बोलावलंस तर त्यांचं नातवंड दुसऱ्या गटात ठेव, म्हणजे त्यांना घटकाभर नुसतं माणूस म्हणून बसता येईल.

आणि मुलांनाही काही देऊ दे. ठाणे जिल्ह्यात मुरबाड तालुक्यात फांगणे गाव आहे. तिथे योगेंद्र बांगर या जिल्हा परिषदेच्या शिक्षकांनी ८ मार्च २०१६ ला आजीबाईंची शाळा सुरू केली. साठीपासून नव्वदीपर्यंतच्या बायका, गुलाबी साडी, खांद्याला दप्तर. घरी त्यांचा अभ्यास कोण घेतं? नातवंडं. ज्या पोराला वर्गात कुणी उत्तर विचारत नाही ते घरी आजीची पाटी तपासतं आणि ‘काना मोठा काढ’ म्हणून सांगतं. तुझी मुलं एवढी मोठी नाहीत, पण रंगांची नावं, बडबडगीतं, ‘हे बटण दाबलं की फोटो निघतो’ हे त्यांना शिकवता येईल. शिकणाऱ्या आजीसमोर चार वर्षांच्या मुलाचा आवाज कसा खणखणीत होतो ते बघशीलच.

तू म्हणालीस, कधी आजींनाही बालवाडीत आणायचंय, पण काहींना गाडीत बसता येत नाही, त्या कशा येणार? नका ना आणू. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला जे काम केलं त्यात हीच खुबी होती. आदिवासी पाड्यांवरची मुलं बालवाडीपर्यंत पोचेनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. जो हलू शकत नाही त्याच्याकडे हलू शकणाऱ्याने जायचं. पाच मुलांना हलवणं हे पंचवीस म्हाताऱ्यांना हलवण्यापेक्षा कधीही सोपं.

फोटोंवरून मात्र तुला भांडावं लागेल. मॅनेजर म्हणतील देणगीदारांना दाखवायला हवेत, तुझ्या संस्थेला फेसबुकवर टाकायचे असतील. पहिले दोन महिने एकही फोटो नाही असं लिहूनच घे. त्यानंतरही ज्याचा फोटो त्याची परवानगी. मुलांसाठी पालकांची, आणि आजींसाठी आजींची, त्यांच्या मुलाची नव्हे. कॅमेरा निघाला की मावशी मुलांना आजींच्या मांडीवर बसवायला धावतात आणि गुडघे दुखणारी आजी दात काढून हसत राहते. मला तो प्रकार बघवत नाही.

खर्चाचं म्हणशील तर फारसा नाहीच. शाळेची व्हॅन दहा ते अकरा उभीच असते, तिच्या डिझेलचे पैसे. हाताच्या चार-सहा खुर्च्या जुन्या बाजारात मिळतील. घेताना स्वतः बसून, हातावर जोर देऊन उठून बघ, डुगडुगणारी घेऊ नकोस. मेथीच्या जुड्या, हात धुवायचा साबण, आणि पुसायला कोरडं फडकं, कारण ओल्या फरशीवर आजी घसरल्या तर खुब्याचं हाड आणि तुझा उपक्रम दोन्ही एकदम मोडतील. पालकांना द्यायच्या चिठ्ठीचा कच्चा मसुदा मी रविवारी करून पाठवते. तू तोवर तिथे एकटीच जाऊन ये, मुलांना न घेता. मॅनेजरच्या केबिनमध्ये चहा पिऊन परत येऊ नकोस; स्वयंपाकघरात जा, मावशींशी बोल, आणि कोण पूर्वी काय काम करायचं ते प्रत्येकाला विचारून वहीत लिहून घे.